चांदणी, चकती की चार कड्या?

"मर्सिडीज चांगली, बीएमडब्ल्यू चांगली, की ऑडी?" हा प्रश्न आणि "मिसळ कुठली चांगली, नाशिकची, पुण्याची की कोल्हापूरची?" हा प्रश्न, दोन्ही एकाच जातीचे. उत्तर प्रत्येकाचं तयार असतं आणि वाद कधीच संपत नाही. फरक एवढाच, की मिसळीवर वाद घालणाऱ्याने ती निदान खाल्लेली तरी असते. गाड्यांच्या वादात असं काही बंधन नाही :)

मी स्वतः साधी हॅचबॅक चालवतो. तरीही या विषयावर लिहावंसं वाटलं, कारण माझ्या वयाच्या लोकांसाठी हा प्रश्न आता निव्वळ गप्पांचा राहिलेला नाही. वय अठ्ठावीस-एकोणतीस, आयटीत सहा-सात वर्षं झालेली, एक ऑनसाईट मारून झालेलं, फ्लॅटचं बुकिंग झालेलं किंवा पुढे ढकललेलं... अशा मंडळींच्या मोबाईलवर हल्ली जुन्या गाड्या विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती येऊन पडतात. सात-आठ वर्षं जुनी जर्मन सेदान, काळीभोर, चकाचक पॉलिश केलेली, आणि किंमत नव्या क्रेटाएवढी! जीभ पाघळतेच. माझ्या ओळखीत गेल्या दीड वर्षात तिघांनी अशी गाडी घेतली आणि चौथा माझ्याकडे सल्ला मागतोय. त्याला तोंडी सांगायला लागलो की विषय भरकटतो, म्हणून हा वीकेंड यातच घालवला.

तर मुद्दा असा, की हा वाद संपत नाही कारण आपण एकाच वेळी तीन वेगवेगळी मापं वापरतो. एक जण खपाचे आकडे तोंडावर फेकतो. दुसरा म्हणतो, "माझ्या मामांची गाडी दोनदा टो करून न्यावी लागली." तिसरा म्हणतो, "एकदा स्टिअरिंग हातात घे, मग बोल." तिघंही खरं बोलत असतात, पण तीन वेगळ्या माणसांच्या वतीने बोलत असतात. खप ही शोरूमची आणि बँकेची गोष्ट आहे. टिकाऊपणा ही दुसऱ्या-तिसऱ्या मालकाची गोष्ट आहे. आणि चालवण्यातली मजा ही जो चालवतो त्याची गोष्ट आहे. आपण यातले नेमके कोण, हे ठरवल्याशिवाय 'चांगली कुठली' याला अर्थच नाही. एकेक माप घेऊन बघू.

पहिलं माप : खप

आधी एक गोष्ट. या गाड्या आपल्याला परदेशी वाटतात, पण त्यांचा भारतातला इतिहास बराचसा महाराष्ट्रातच घडलाय. मर्सिडीज १९९४ मध्ये भारतात आली आणि १९९५ पासून पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात ई-क्लास जोडायला लागली. पण ती ई-क्लास होती जुन्या पिढीची, डब्ल्यू १२४. युरोपात त्याच वर्षी नवी पिढी बाजारात आली होती! तिकडची उतरलेली गाडी इकडे नवी म्हणून विकायची, हे आपल्या श्रीमंतांना काही पटलं नाही. सुरुवातीची काही वर्षं कंपनीला जड गेली. पुढे २००९ मध्ये मर्सिडीजचा स्वतःचा कारखाना चाकणला उभा राहिला. ऑडीने २००७ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शेंद्रा एमआयडीसीतल्या स्कोडाच्या कारखान्यात आपलं बस्तान बसवलं. जग्वार लँड रोव्हरने २०११ मध्ये पुण्यात गाड्या जोडायला सुरुवात केली. मोठ्या खेळाडूंपैकी बीएमडब्ल्यू तेवढी २००७ मध्ये चेन्नईला गेली.

आता आकडे बघा. २००९ मध्ये बीएमडब्ल्यूने मर्सिडीजला मागे टाकलं आणि २०१२ पर्यंत पहिला नंबर सोडला नाही. २०११ मध्ये त्यांनी ९,३७१ गाड्या विकल्या. मग २०१३ मध्ये ऑडी १०,००२ गाड्या विकून पहिली आली. वर्षाला दहा हजारांचा आकडा ओलांडणारी भारतातली ती पहिली लक्झरी कंपनी. २०१५ मध्ये मर्सिडीजने १३,५०२ गाड्या विकून गादी परत मिळवली, आणि पुढची दहा वर्षं ती त्यांच्याकडेच राहिली. २०२४ सालचे आकडे असे : मर्सिडीज १९,५६५, बीएमडब्ल्यू (मिनी धरून) १५,७२१ आणि ऑडी ५,८१६.

म्हणजे सहा-सात वर्षांत पहिला नंबर तीन कंपन्यांकडे फिरला. मला सांगा, या काळात गाड्या एवढ्या बदलल्या का? २०१२ ची बीएमडब्ल्यू झकास होती आणि २०१३ ची एकदम भंगार झाली, असं तर झालं नाही ना? बदललं ते बाकीचं सगळं. कुणी स्वस्तातलं छोटं मॉडेल आणलं, कुणी ईएमआय कमी दाखवणारी योजना काढली, कुणी डिस्काउंट वाढवला, कुणी लहान शहरांत शोरूम उघडली. ऑडीचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये बीएस-६ नियम आले तेव्हा फोक्सवॅगन समूहाने भारतात डिझेल इंजिनं बंद करून टाकली. ऑडी फक्त पेट्रोलवर उरली, मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूने मात्र डिझेल चालू ठेवलं. महिन्याला तीन-चार हजार किलोमीटर हायवे तुडवणारा कारखानदार किंवा डॉक्टर मग कुठे जाणार? घसरणीचं हे एकच कारण नाही, पण गाडीच्या दर्जाशी संबंध नसलेलं कारण खप कसा हलवतं ते यातून कळतं.

खपाची सगळ्यात बोलकी गोष्ट मात्र आपल्या शेजारचीच आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक, डॉक्टर, बिल्डर वगैरे मंडळींनी एकत्र येऊन एका फटक्यात सुमारे दीडशे मर्सिडीज विकत घेतल्या. सौदा साधारण ६५ कोटींचा. देशभर बातमी झाली. मराठवाड्यातलं शहर, त्याने जर्मन कंपनीला घाऊक भाव पाडायला लावला, म्हणून कौतुक झालं. (आणि गंमत बघा, ऑडी त्याच शहरात तयार होत होती!) मग डिसेंबरमध्ये पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये दुसरी बाजू मांडली. या गाड्यांपैकी बऱ्याचशा स्टेट बँकेच्या कर्जावर घेतलेल्या होत्या, व्याज ७ टक्के. त्याच काळात त्याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जासाठी १२ टक्के किंवा त्याहून जास्त व्याज पडत होतं.

मला इथे गाडी घेणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. सगळ्यांनी मिळून भाव पाडून घेतला, यात व्यापारी डोकं आहेच. पण त्या दीडशे गाड्या त्या वर्षीच्या खपाच्या आकड्यात जाऊन बसल्या, आणि त्या आकड्यावरून कुणीतरी म्हणालं असेलच, "बघा, मर्सिडीजला लोक पसंती देतायत." पसंती कुणाची? सात टक्क्यांची! खपाचा आकडा वाचताना त्यामागचा व्याजदर वाचता आला पाहिजे.

अजून एक. देशात वर्षाला चाळीस लाखांहून जास्त कार विकल्या जातात. त्यात सगळ्या लक्झरी कंपन्या मिळून जेमतेम एक टक्का. आणि २०२४ मध्ये एकट्या टोयोटा फॉर्च्युनरचा खप मर्सिडीजच्या सगळ्या मॉडेल्सच्या एकत्रित खपापेक्षा जास्त होता. नाशिककरांना हे सांगायला नको. पिंपळगाव बसवंतच्या मार्केट यार्डाबाहेर किंवा कुठल्याही लग्नाच्या लॉन्सबाहेर उभं राहून पांढऱ्या फॉर्च्युनर मोजा, दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत. फॉर्च्युनर काही स्वस्त नाही, ऑन-रोड पन्नास लाखांच्या घरात जाते. त्या पैशांत छोटी जर्मन गाडी आरामात येते. तरी ज्याच्याकडे द्राक्षाचा रोख पैसा आहे, तो माणूस ट्रकसारख्या चॅसीवर बांधलेली, मागच्या सीटवर हाडं खिळखिळी करणारी गाडी घेतो. का? याचं उत्तर दुसऱ्या मापात आहे.

दुसरं माप : टिकाऊपणा

अमेरिकेत जे. डी. पॉवर नावाची कंपनी दरवर्षी तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मालकांना विचारून, शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या याचा तक्ता काढते. त्यात लेक्सस, म्हणजे टोयोटाचीच महागडी शाखा, वर्षानुवर्षं वरच्या जागांवर असते. लेक्ससची पहिली मोठी गाडी, एलएस ४००, १९८९ मध्ये आली तेव्हापासून जर्मन कंपन्यांची या बाबतीत झोप उडालेली आहे. बीएमडब्ल्यूने अलीकडे बऱ्यापैकी सुधारणा केली. मर्सिडीज आणि ऑडी बऱ्याचदा सरासरीच्या खाली सापडतात.

पण मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे या तक्त्याकडे जरा संशयाने बघतो. आमच्याकडे बग मोजताना त्याची तीव्रताही लिहावी लागते. 'बटणाचा रंग चुकला' आणि 'सर्व्हर झोपला' हे दोन्ही बग, पण रात्री दोन वाजता फोन येतो तो दुसऱ्यासाठी. त्या तक्त्यात मात्र ब्ल्यूटूथ जोडलं जात नाही हीसुद्धा एक तक्रार आणि गिअरबॉक्स बसला हीसुद्धा एकच तक्रार. अलीकडच्या वर्षांत तर सगळ्यात जास्त तक्रारी टचस्क्रीन आणि त्या परिवारातल्याच असतात. म्हणजे आमच्याच बिरादरीचं कर्तृत्व! मर्सिडीजचं मोठं संशोधन केंद्र बंगळूरला आहे, बीएमडब्ल्यूने टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर २०२४ मध्ये काढलेल्या कंपनीचं एक ऑफिस पुण्यात आहे. त्या स्क्रीनमागचा थोडा कोड हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ऑफिसला पोचणाऱ्या कुणीतरी लिहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

आणि सॉफ्टवेअर खोटंही बोलू शकतं. २०१५ मध्ये उघडकीस आलं की फोक्सवॅगन समूहाच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर 'आपली चाचणी चालू आहे' हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं धूर कमी करायचं. रस्त्यावर आलं की पुन्हा मूळ स्वभावावर. ऑडी त्यात होतीच. भारतातही समूहाने तेव्हा सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. तेव्हापासून मी कुठल्याही गाडीचे कागदावरचे आकडे जरा मीठ-मिरची ओवाळूनच वाचतो.

बरं, मग टिकाऊपणा मोजायचा कसा? माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक आकडा वॉरंटीचा. कारण तिथे कंपनी स्वतःचे पैसे पणाला लावते. लेक्ससने २०२४ पासून भारतात आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी द्यायला सुरुवात केली. मर्सिडीजची नेहमीची वॉरंटी तीन वर्षांची आहे. पुढची हवी तर पैसे मोजून वाढवून घ्यायची. जाहिरातीतले शब्द विसरा, हा फरक लक्षात ठेवा. जी कंपनी आठ वर्षं जबाबदारी घेते, तिने आपल्या गाडीचा आठव्या वर्षीचा खर्च मोजलेला असतो.

आता जर्मन गाड्या वाईट बनवलेल्या असतात का? अजिबात नाही! त्या वेगळ्या माणसासाठी बनवलेल्या असतात. जर्मनीत नव्या गाड्यांपैकी निम्म्याहून बऱ्याच जास्त गाड्या कंपन्यांच्या नावावर नोंदल्या जातात. साहेबाला ऑफिसकडून गाडी मिळते, तीन-चार वर्षं वापरायची, लीज संपली की परत करायची. या पहिल्या माणसाला काय हवं? वेग, शांतता, नवीन तंत्रज्ञान, आणि तीन वर्षांत कटकट नको. ते त्याला पुरेपूर मिळतं. दहाव्या वर्षी प्लास्टिकचा कूलंट पाइप तडकला तर तो कुणाचा प्रॉब्लेम? त्याचा तर नाहीच.

याचं एक सुंदर उदाहरण देतो. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूत असतो, ऑडीच्या मोठ्या गाड्यांत असतो, जग्वार लँड रोव्हरमध्येही असतो. अप्रतिम वस्तू आहे. गाडी बनवणाऱ्या कंपन्या बराच काळ सांगत आल्या की यातलं तेल 'लाइफटाइम' आहे, बदलायची गरज नाही. आणि गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः सांगते, की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा आठेक वर्षांनी, तेल बदला! मग लाइफटाइम म्हणजे कुणाची लाइफ? पहिल्या मालकाची. आपला जाहिरातीतला काळाभोर सौदा नेमका त्या लाइफच्या पलीकडून सुरू होतो.

नाशिकमधल्या माझ्या एका मित्राने असाच सौदा केला. कंपनीचं नाव घेत नाही. गाडी आठ वर्षं जुनी, दुसरा मालक, सर्व्हिस रेकॉर्ड 'जवळजवळ पूर्ण'. पहिले पाच महिने स्वप्नवत गेले. सहाव्या महिन्यात गिअर पडताना झटका बसायला लागला. गिअरबॉक्समधलं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट गेलेलं. एस्टिमेट आलं ते ऐकून त्याच्या आईने विचारलं, "एवढ्यात तर नवी स्कूटर येईल ना रे?" मित्र म्हणाला, "आई, तीन-चार येतील." गाडी एकोणीस दिवस वर्कशॉपमध्ये उभी, पार्ट बाहेरून येणार म्हणून. तो रोज रिक्षाने ऑफिसला, आणि ईएमआय मात्र पाच तारखेला बिनचूक कटला.

यातलं गणित साधं आहे, पण कुणी करत नाही. साठ लाखांची गाडी आठ वर्षांत पंधरा लाखांवर येते, पण तिचा हेडलॅम्प, तिचा गिअरबॉक्स, तिचं एअर सस्पेन्शन हे साठ लाखांच्या गाडीचंच राहतं. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. आपण पंधरा लाखांच्या पगारात बसणारी गाडी म्हणून घेतो, आणि पहिल्या दुरुस्तीला कळतं की गाडी अजून साठ लाखांचीच आहे, फक्त मालक बदललाय.

त्यात आपला रस्ता. बऱ्याच बीएमडब्ल्यू रन-फ्लॅट टायरवर येतात, म्हणजे पंक्चर झालं तरी साधारण ताशी ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं, त्यामुळे स्टेपनी द्यायची गरज नाही असा हिशोब. इगतपुरीजवळ पंक्चर झालं तर नाशिक गाठाल. पण पावसाळ्यात कसारा ते भिवंडी पट्ट्यातल्या खड्ड्यात टायरची बाजूच फाटली, तर? हायवेवरचा पंक्चरवाला तुमच्या साध्या गाडीला दहा मिनिटांत मार्गी लावतो. या गाडीच्या मापाचा टायर त्याने कॅलेंडरवर पाहिलेला असतो. टिकाऊपणाची व्याख्या मी म्हणून अशी करतो : बिघाड किती वेळा होतो, गुणिले बरं करणारा माणूस किती लांब आहे. म्युनिकमध्ये दुसरा आकडा जवळपास शून्य असतो. नांदूर शिंगोट्याला तो मोठा असतो. फॉर्च्युनर घेणाऱ्या द्राक्षवाल्याने हा गुणाकार आपल्या आधी केलेला आहे.

तिसरं माप : चालवण्यातली मजा

हे माप मोजता येत नाही, म्हणूनच यावर सगळ्यात जास्त बोललं जातं. पण यातही थोडं इंजिनिअरिंग आहे. बीएमडब्ल्यूचं नाव झालं ते इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि वजन पुढे-मागे जवळपास निम्मंनिम्मं, या मांडणीमुळे. पुढची चाकं फक्त वळायचं काम करतात, ढकलायचं काम मागची. त्यामुळे स्टिअरिंग हातात स्वच्छ बोलतं. ऑडीने १९८० मध्ये क्वाट्रो आणली, चारही चाकांना ताकद देणारी, आणि रॅलीच्या जगात धुमाकूळ घातला. मर्सिडीजचं कसब वेगळं : रस्ता खराब आहे हे आतल्या माणसाला कळू न देणं.

मला एका ओळखीच्यांची थ्री सिरीज पुढे वणीवरून सापुताऱ्यापर्यंत चालवायला मिळाली होती. खरं सांगतो, घाटातल्या वळणांवर ती गाडी तुमच्या मनातलं ओळखते. परत येऊन माझ्या हॅचबॅकमध्ये बसलो तेव्हा मला वाटलं मी कपाट चालवतोय.

पण आता भारतात काय घडलं ते बघा. मर्सिडीजने २०१७ मध्ये ई-क्लासची लांब आवृत्ती इथे आणली. चाकांमधलं अंतर वाढवलेलं, सगळी वाढीव जागा मागच्या सीटला. तुफान चालली. मग 'ड्रायव्हरची गाडी' म्हणून जगभर मिरवणाऱ्या बीएमडब्ल्यूने काय केलं? २०२१ मध्ये थ्री सिरीज लांब करून आणली आणि २०२४ मध्ये फाइव्ह सिरीजही! ज्या गाडीची सगळी पुण्याई पुढच्या उजव्या सीटवर, ती मागच्या डाव्या सीटसाठी ताणली. आणि क्वाट्रोच्या नावावर जगणाऱ्या ऑडीने इथे अलीकडची ए-४ विकली ती फक्त पुढच्या चाकांवर चालणारी. कंपन्यांचं चुकलं नाही हो. त्यांनी आपल्याला बरोबर ओळखलं. आपल्याकडे साठ लाख देणारा माणूस मागे बसतो आणि चालवण्याची मजा महिना वीस-बावीस हजारांत पगारी ड्रायव्हरला मिळते!

आणि जे स्वतः चालवतात त्यांचं काय? समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. ७०१ किलोमीटरचा रस्ता, काही ठिकाणी युरोपात आल्यासारखं वाटतं. पण वेगमर्यादा १२०. आणि १२० ला आजकालची बारा लाखांची गाडीही मुकाट्याने चालते. खरी मजा घाटातल्या वळणांवर येते, त्र्यंबकहून मोखाडा-जव्हारकडे जाताना, घोटीहून भंडारदऱ्याकडे जाताना. तिथे महिन्यातून एखादा रविवार जाता. उरलेले एकोणतीस दिवस त्र्यंबक नाक्यावर सिग्नलला उभे असता, आणि तिथे थ्री सिरीज आणि रिक्षा यांचा सरासरी वेग सारखाच असतो.

मग घ्यायची कुठली?

इतकं वाचल्यावर निकाल तर दिलाच पाहिजे. हे माझं मत, ते मत म्हणूनच घ्या.

वडिलांचा किंवा स्वतःचा व्यवसाय आहे, गाडी नवी घेणार, ड्रायव्हर ठेवणार, पाच वर्षांत बदलणार : मर्सिडीज घ्या. चाकण जवळ आहे, विकताना गिऱ्हाईक पटकन मिळतं, आणि मागची सीट खरंच त्या पैशांची आहे. स्वतः चालवणार, चालवण्याची हौस आहे आणि नवी घेऊन वॉरंटी वाढवून घ्यायची ऐपत आहे : बीएमडब्ल्यू, बाकी कुणाचं ऐकू नका. दहा वर्षं एकच गाडी वापरणार आणि 'आतून श्रीमंत, बाहेरून शांत' हा स्वभाव आहे : लेक्सस. किंवा जरा हिशोबी असाल तर टोयोटा कॅमरी हायब्रिड. लेक्ससच्या ईएस ३०० एचचं २.५ लिटरचं हायब्रिड इंजिन याच घराण्यातलं आहे. ऑडी : दिसायला आतून-बाहेरून मला अजूनही सगळ्यात देखणी वाटते, पण पैसे देण्याआधी पुढच्या पाच वर्षांत सर्व्हिस कोण आणि कुठे देणार हे लेखी विचारा.

आणि आपल्यासारखे, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे, जुन्या जर्मन गाडीच्या जाहिरातीकडे रात्री साडेअकराला बघत बसलेले? माझा सल्ला स्पष्ट आहे : वॉरंटीबाहेरची घेऊ नका. तिन्ही मापं लावून बघा. खपाचं कौतुक पहिल्या मालकाने उपभोगलं. टिकाऊपणाची कंपनीने दिलेली हमी त्याच्याबरोबरच संपली. आपल्या वाट्याला फक्त तिसरं माप उरतं, महिन्यातला तो एक रविवार. त्या एका रविवारासाठी बाकीच्या महिन्याची झोप गहाण टाकायची का, हे ज्याने त्याने ठरवावं. नातेवाइकांच्या लग्नात पार्किंगमध्ये किल्ली वाजवण्याचं सुख मला कळतं, मीही याच समाजात वाढलोय. पण ज्या समाजाला आपण गाडी दाखवतो, त्यातला एकही जण गिअरबॉक्सचं बिल वाटून घ्यायला येत नाही.

तरीही घ्यायचीच असेल, तर एक काम करा. टोकन देण्याआधी त्याच मॉडेलच्या पाच गोष्टींचे भाव लेखी काढा : एक हेडलॅम्प, चार टायर, गिअरबॉक्सची तेलासकट सर्व्हिस, एक सस्पेन्शन, एक एसी कॉम्प्रेसर. या पाचांची बेरीज करा. तेवढी रक्कम बँकेत बाजूला पडून असेल आणि ती गेली तरी घरातला कुठलाही हप्ता चुकणार नसेल, तर बिनधास्त घ्या, आणि मला एक चक्कर मारायला द्या. नसेल, तर ती गाडी तुम्हाला परवडत नाही. शोरूमवाला काहीही म्हणो, बँक काहीही म्हणो.